एमबीए सीईटीचा ऑनलाइन कोर्स, ११० तासांचे व्हिडिओ आणि मॉकला ७१: नेमकं कुठे अडलं?

प्रश्न थोडक्यात असा. वसमतजवळच्या गावातून नांदेडला रोज अपडाऊन करणारी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एमबीए सीईटीसाठी, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेसाठी, ऑनलाइन कोर्स घेऊन तीन महिने झाले, ११० तासांचे व्हिडिओ बघून झाले आणि पहिल्या पूर्ण मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, २०० पैकी ७१ आले. आता विचारतात की कोर्स बदलू का, पुण्याला जाऊन क्लास लावू का, की इंग्रजीच कच्चं आहे म्हणून हा नाद सोडू? परीक्षेला साधारण पाच महिने आहेत. सोबत त्यांनी मॉकचे विभागवार आकडे आणि वेळ दिला आहे. हे फार बरं केलं, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे.

आधी खरा प्रश्न नीट मांडू. ११० तास बघून झाले, पण त्या काळात स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून किती प्रश्न सोडवले? तो आकडा तुम्ही दिलेला नाही, आणि मला वाटतं तो फार छोटा असणार. दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना प्रत्येक पायरी पटत जाते. कोणती पायरी आधी घ्यायची हा निर्णय मात्र सरांनी घेतलेला असतो, आणि परीक्षेत मार्क त्या निर्णयाचेच मिळतात. म्हणून 'व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पेपरला काहीच सुचत नाही' ही तक्रार इतकी सरसकट ऐकू येते. कोर्स वाईट असेलही, ते मी न बघता सांगू शकत नाही. पण ७१ मार्कांचं कारण कोर्स दिसत नाही, आणि इंग्रजी तर मुळीच नाही. ते खाली दाखवतो.

परीक्षेची चौकट आधी पक्की डोक्यात बसवा. २०० प्रश्न, १५० मिनिटं. तर्क म्हणजे लॉजिकल रिझनिंग ७५, आकृत्यांचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंग २५, गणित ५०, इंग्रजी ५०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. विभागवार वेळेचं बंधन नाही. पेपर फक्त इंग्रजीत. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. बुद्धीपेक्षा निवडीची परीक्षा म्हणतात ती ही. (अर्ज भरताना त्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावरून उतरवून वाचाच, कोर्सवाल्यांचा 'पॅटर्न' व्हिडिओ कधीकधी दोन वर्षं जुना असतो.)

आता तुमचा मॉक. तर्क: ३८ सोडवले, २४ बरोबर, ६२ मिनिटं. आकृत्या: ९ सोडवल्या, ६ बरोबर, ८ मिनिटं. गणित: ३१ सोडवली, १७ बरोबर, ५४ मिनिटं. इंग्रजी: ४० सोडवले, २४ बरोबर, २६ मिनिटं. एकूण ११८ सोडवले, ७१ बरोबर, ४७ चूक, ८२ कोरे.

सगळ्यात आधी ते ८२ कोरे. मार्क कापत नसताना ८२ प्रश्न कोरे सोडणं म्हणजे ताटातलं टाकून देणं. पाच पर्यायांत डोळे मिटून एक निवडला तरी सरासरीने पाचातला एक लागतो. ८२ वर साधारण १६. काहीही जास्त न शिकता ७१ चे ८७ झाले असते. नशिबाने दोन-चार इकडेतिकडे होतील, पण शून्यापेक्षा बरंच. यात एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबायला एका प्रश्नाला चारेक सेकंद लागतात, म्हणजे ४० प्रश्नांना पावणेतीन मिनिटं. म्हणून शेवटची तीन मिनिटं राखीव, आणि तोवर कोरे प्रश्न ४० च्या आत आणायचे. ते कसे? वाचून सोडलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथेच एक पर्याय ठोकायचा आणि मगच पुढे जायचं. आणि हो, उजवीकडच्या प्रश्नक्रमांकावर थेट क्लिक करून पुढे उडी मारलीत तर आधीच्या प्रश्नाचं निवडलेलं उत्तर जतन होत नाही. 'सेव्ह' दाबल्याशिवाय हलायचं नाही, ही सवय मॉकपासूनच लावा.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा. एक मार्क मिळवायला कुठे किती वेळ गेला ते काढा. गणितात ५४ मिनिटांत १७ मार्क, म्हणजे एका मार्काला १९० सेकंद. तर्कात १५५ सेकंद. आकृत्यांत ८०. आणि ज्या इंग्रजीला तुम्ही घाबरता तिथे एक मार्क ६५ सेकंदांत मिळाला आहे! सगळ्यात स्वस्त मार्क इंग्रजीत आणि आकृत्यांत, आणि त्या दोघांना मिळून तुम्ही १५० पैकी ३४ मिनिटं दिलीत. बाजारात असा व्यवहार कोणी केला तर आपण त्याला काय म्हणतो? बी.कॉम.च्या मुलांचं हे नेहमीचं आहे: गणित 'आपला विषय' म्हणून तिथे ठाण मांडून बसतात.

पुढच्या मॉकला वेळ असा वाटून बघा: इंग्रजी ३२ मिनिटं, आकृत्या १५, तर्क ६५, गणित ३५, शेवटची ३ कोरे प्रश्न भरायला. बेरीज १५०. क्रमही हाच ठेवा. इंग्रजी आधी, कारण दोन तास पझल सोडवून थकलेल्या डोक्याने उतारा वाचवत नाही. हा क्रम सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ज्याला इंग्रजी वाचताना सुरुवातीलाच घाम फुटतो त्याने आकृत्यांनी सुरुवात करावी. दोन मॉक एका क्रमाने, दोन दुसऱ्या क्रमाने, आणि मग एकदाचं ठरवून टाकायचं. परीक्षेच्या दिवशी नवा प्रयोग नको.

आता कोर्सचं काय करायचं. तो पूर्ण संपवायचा हा हट्ट सोडा. 'कोर्स ४३ टक्के पूर्ण' असा हिरवा पट्टा ॲपमध्ये दिसतो, त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही. पद्धत उलटी करा. नवा धडा घेतला की आधी व्हिडिओ न बघता त्यातले १० प्रश्न सोडवायला बसा, २० मिनिटं लावून. जे अडले त्यांच्यापुरताच व्हिडिओ, तोही दीडपट वेगाने. मग वही बंद करून तेच अडलेले पुन्हा. तीन दिवसांनी तेच परत एकदा, मागचं न बघता. एक तास बघणं असेल तर दोन तास सोडवणं, हे प्रमाण सुटू देऊ नका. लाइव्ह लेक्चरला रोज हजेरी लावायची गरज नाही. शंकानिरसनाचे तास मात्र चुकवू नका, आणि तिथे जाताना 'सर, हे कळलं नाही' असं न म्हणता स्वतः सोडवलेल्या पानाचा फोटो पाठवा. कुठल्या ओळीत घसरलं ते समोरच्याला दिसलं पाहिजे.

तर्काला ७५ मार्क आहेत, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. गोल टेबलाभोवतीच्या बैठकीच्या प्रश्नात निम्म्या चुका एकाच जागी होतात: डावं-उजवं. सगळे केंद्राकडे तोंड करून बसले असतील तर प्रत्येकाची डावी बाजू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असते. तोंड बाहेर असेल तर उलट. कागदावर वर्तुळ काढलं की आधी मध्ये एक बाण काढा आणि 'डावं' कुठे ते लिहा, मगच पहिलं नाव. नावं भरताना अटी दिलेल्या क्रमाने घेऊ नका. ज्या अटीतून जागा पक्की होते ती आधी ('क हा प च्या डावीकडे तिसरा'), जोडून येणाऱ्या अटी नंतर, आणि 'नाही' वाल्या सगळ्यात शेवटी. दोन शक्यता निघाल्या तर खोडत बसू नका, दोन वर्तुळं शेजारी काढा. अट मोडली की एकावर काट. पाच प्रश्नांच्या संचाला तुमच्या वाट्याला साधारण सव्वाचार मिनिटं येतात. दोन मिनिटांत आकृतीला आकार आला नाही तर पर्याय ठोकून पुढे जा. सोडवतच राहायचा मोह होतो, कारण इतका वेळ घातला ना! घातलेला वेळ परत येत नाही, पुढचे प्रश्न मात्र हातचे जातात. सरावाला सीईटीच्या संचांबरोबर बँकेच्या पीओ परीक्षांची पझल घ्या. ती मुबलक मिळतात आणि काठिण्य जवळपास जुळतं.

तर्कातला दुसरा भाग विधानांचा: गृहीतक, निष्कर्ष, कृती. इथे इंग्रजी आड येतं असं वाटतं, पण गोंधळ बहुतेक वेळा विचाराचा असतो. गावातल्या किराणा दुकानावर पाटी असते, 'उधारी बंद आहे'. यातलं गृहीतक काय? लोक उधार मागतात, आणि पाटी वाचून काहीजण तरी मागायचं थांबवतील. हे धरल्याशिवाय पाटी लावण्याला अर्थच नाही. 'दुकानदार तोट्यात आहे' हे खरं असेलही, पण पाटीला त्याची गरज नाही, म्हणून ते गृहीतक नव्हे. परीक्षेत प्रत्येक पर्याय उलटा करून बघा: 'लोक उधार मागतच नाहीत' असं म्हटलं तर पाटी निरर्थक होते का? होते. मग ते गृहीतक. 'दुकानदार तोट्यात नाही' म्हटलं तरी पाटी टिकते. मग ते गृहीतक नाही. अशा दहा पाट्या आणि जाहिराती रस्त्यावर गोळा करा; एसटी स्टँडवर भरपूर सापडतील.

आकृत्यांच्या २५ प्रश्नांवर कोर्समध्ये दोन-तीन तासांचेच व्हिडिओ असतात आणि खरं तर तेवढे पुरतात. सगळी आकृती एकदम बघू नका. एक घटक धरा, समजा बाण, आणि चारही चौकटींत तो किती अंशांनी फिरतो तेवढंच बघा: ४५, ९० की १३५, आणि कुठल्या दिशेने. तेवढ्यावर दोन पर्याय बाद होतात. मग दुसरा घटक: रेषांची संख्या, काळं-पांढरं, कोपरा. रोज १५, एका आकृतीला जास्तीत जास्त ३५ सेकंद. महिनाभरात त्याच त्याच युक्त्या फिरून येताना दिसतील.

गणितात तुमच्याकडे एक भांडवल आहे ज्याची तुम्हाला कल्पना नसावी. सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो. मराठी शाळेत तीसपर्यंतचे पाढे घोकून घेतले असतील तर ते आता कामी येतील, आणि घरात कोणा आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दीडकी येत असेल तर त्यांच्याकडून उतरवून घ्या. सवायकी म्हणजे २५ टक्के वाढच की. सोळाचे सव्वापट वीस हे ज्याला तोंडपाठ, तो १.२५ ने गुणत बसत नाही. टक्के अपूर्णांकात बघायची सवय लावा: साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, १४.२८ म्हणजे सातवा, ८.३३ म्हणजे बारावा. ७३६ चे साडेबारा टक्के? ७३६ भागिले ८, ९२. झालं.

एक उदाहरण पूर्ण बघा. समजा सोयाबीनचा भाव क्विंटलला ४००० वरून ४८०० झाला आणि परत ४००० वर आला. वाढ किती टक्के आणि घट किती? वाढ २० टक्के. घटही २० असं पटकन तोंडात येतं आणि तो पर्याय तिथे दिलेलाच असतो. पण घट ४८०० वर ८००, म्हणजे सहावा हिस्सा, १६.६७ टक्के. पाचवा हिस्सा वाढलं तर मूळ जागी यायला सहावा हिस्सा कमी व्हावं लागतं; चौथा वाढलं तर पाचवा; तिसरा वाढलं तर चौथा. एवढी एक ओळ कळली की नफा-तोटा, वेग-वेळ, किंमत-खप असे चार धड्यांतले प्रश्न सुटतात: वेग पाचव्या हिश्श्याने वाढवला तर वेळ सहाव्या हिश्श्याने वाचतो. वेगळं सूत्र कशाला?

तक्त्यांवरच्या प्रश्नांत नेमकं उत्तर काढू नका. ६१२ चे २९.८ टक्के आणि पर्याय १६२, १७२, १८२, १९२, २०२. तीस टक्के १८३.६, त्यातून किंचित वजा, म्हणजे १८२. पेन उचलायचीही गरज नाही. ३५ मिनिटांत ५० गणितं होणार नाहीत आणि व्हायला नकोत. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम, वेग, व्याज, तक्ते एवढ्यावर भर देऊन ३० सोडवा, त्यातली २४ बरोबर आणा. क्रमचय, संभाव्यता यांचे व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवा.

इंग्रजीत तुम्ही एका प्रश्नाला ३९ सेकंद दिले आणि ४० पैकी १६ चुकवले. ही घाईची चूक आहे. घाबरून भराभरा उरकलंत, एवढंच. ५० प्रश्नांना ३२ मिनिटं म्हणजे सरासरी तेवढीच राहते, पण शब्दार्थ आणि रिकाम्या जागा २० सेकंदांत उरकून उरलेला वेळ उताऱ्यांना द्यायचा. रोज एक इंग्रजी अग्रलेख घ्या आणि वाचून झाल्यावर 'लेखकाचं म्हणणं काय' ते मराठीत एका वाक्यात लिहा. मराठीतच लिहा. ते लिहिता आलं तर उतारा कळला. प्रत्येक अडलेला शब्द शोधायला थांबू नका. वाक्याला वळण देणारे शब्द तेवढे पक्के करा: हाउएव्हर, नेव्हर्दलेस, अनलेस, हार्डली. 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच असतं. 'हार्डली एनीवन' म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. 'फ्यू' म्हणजे नसल्यासारखेच, 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना आहेत. एवढ्या एका 'अ'वर उताऱ्याचा सूर फिरतो.

व्याकरणात मराठीतून येणाऱ्या चुका वेगळ्या काढून ठेवा, कारण त्या आपल्या कानाला चुका वाटतच नाहीत. 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टु'. 'रिटर्न बॅक'मधला 'बॅक' फालतू. 'कझिन ब्रदर' नाही, 'कझिन'. 'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी. अशी पन्नासेक वाक्यं बसमध्ये पाठ करा. वसमत-नांदेड बसमध्ये व्हिडिओ बघण्याचा खटाटोप नको. धक्के, रेंज, आवाज, त्यात काही डोक्यात जात नाही. पाढे, अपूर्णांक, शब्द यांसाठी तो वेळ उत्तम.

मॉक किती द्यायचे? पहिले दोन महिने पंधरवड्याला एक, पुढचे दोन आठवड्याला एक, शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन. एकूण वीसेक. त्याहून जास्त देणारे बहुधा तपासत नाहीत. अडीच तासांच्या मॉकला तपासायला तीन तास लागतात आणि ते त्याच किंवा दुसऱ्याच दिवशी. उत्तरपत्रिका उघडण्याआधी सगळे चुकलेले आणि सोडलेले प्रश्न वेळ न लावता पुन्हा सोडवा. मग प्रत्येकापुढे एक अक्षर: 'ग' म्हणजे येत होतं पण गडबडीत चुकलं, 'व' म्हणजे प्रश्न वाचतानाच घसरलं, 'न' म्हणजे येतच नव्हतं, 'प' म्हणजे पोचलेच नाही. व्हिडिओ फक्त 'न'साठी. 'ग' जास्त असतील तर कच्चं काम कागदावर नीट रांगेत करा. 'व' जास्त असतील तर 'नॉट', 'एक्सेप्ट', 'मस्ट बी' असे शब्द दिसले की ते कच्च्या कागदावर उतरवून मगच पर्यायांकडे जा. 'प' जास्त तर वेळेची वाटणी चुकली. मला वाटतं तुमच्या ४७ चुकांत 'न' निम्मेसुद्धा निघणार नाहीत. निघाले तर मग कोर्सकडे नव्याने बघू.

मोबाइलवर एकही पूर्ण मॉक देऊ नका. परीक्षा संगणकावर, माऊसने, आणि आकृत्या तिथे मोठ्या दिसतात. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, गावातली अभ्यासिका, नाहीतर नांदेडमधलं एखादं नेट कॅफे. रविवारी तीन तासांचे पैसे द्या, पण द्याच. व्हिडिओ घरी ३६० च्या दर्जाला पुरतात, तासाला साधारण ३०० एमबी जातात. कॉलेजच्या वायफायवर आठवड्याचे एकदम उतरवून ठेवा. लाइट गेली म्हणून अभ्यास बुडाला हे कारण मग उरत नाही. प्रश्नसंच मात्र छापून घ्या. फोनच्या पडद्यावर पझल सोडवताना वरच्या अटी वर सरकतात आणि अर्धा वेळ बोट फिरवण्यात जातो.

आता पुण्याचं. खोली, मेस आणि क्लासची फी एवढा खर्च करून तिथे जे मिळतं त्यातलं खरं उपयोगी म्हणजे ठरलेली वेळ आणि बरोबरीची मुलं. शिकवणं तेच असतं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा टाकून जाणं मला पटत नाही, कारण सीईटीने जागा मिळाली तरी पदवीचे ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४५) लागतातच. नांदेडमध्ये याच परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघी-तिघी शोधा आणि रविवारचा मॉक एकाच वेळी, शेजारी बसून द्या. पुण्याचा निम्मा फायदा तिथेच मिळेल. घरात अभ्यासाला जागाच नसेल, किंवा तुरीच्या, हरभऱ्याच्या काढणीत रोज शेतात जावं लागत असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांसाठी नांदेडला वसतिगृह किंवा अभ्यासिका बघणं वेगळं. तो निर्णय घरची परिस्थिती बघून.

कोर्स बदलायचाच झाला तर चार गोष्टी विचारा. मॉक किती, आणि ते २०० प्रश्न, पाच पर्याय, १५० मिनिटं याच साच्याचे आहेत का? कॅटचेच (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचेच) मॉक सीईटीच्या नावाने देणारे असतात. कोर्सची मुदत परीक्षेच्या तारखेपर्यंत आहे का? सीईटी बहुधा मार्च-एप्रिलमध्ये होते, पण तारखा सरकतात, आणि सहा महिन्यांचा कोर्स नेमका आधी संपतो. व्हिडिओ उतरवून घेता येतात का? आणि चौथं म्हणजे हप्ते. 'शून्य व्याजाचा हप्ता' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीने तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. कोर्स आवडला नाही म्हणून हप्ता थांबवला तर क्लासला फरक पडत नाही, तुमची सिबिलची नोंद (कर्जफेडीचा इतिहास) खराब होते, आणि पुढे पीककर्जापर्यंत त्याचा त्रास होऊ शकतो. ओटीपी सांगण्याआधी कागद वाचा.

कॅटबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. ती नोव्हेंबरच्या शेवटी असते, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं कुलूपबंद, बरोबरला ३ आणि पर्यायी प्रश्न चुकला तर उणे १. सीईटीची ठोकाठोक तिथे अंगाशी येते. शिवाय आयआयएम दहावी, बारावी, पदवीचे मार्क आणि मुलाखतही धरतात. सीईटीवरून कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागा गुणवत्ता यादीने लागते, मुलाखत नाही. पाच महिन्यांत दोन्ही घोडे पळवू नका. यंदा सीईटी, आणि तिचा निकाल बघून पुढचं.

कॅपमधूनच प्रवेश घ्यायला आणखी एक कारण आहे. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणून एजंट 'कॅपची कशाला वाट बघता, आत्ताच सीट पक्की करा' म्हणाला तर आधी हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

आणि कागद आत्तापासून. जात वैधता प्रमाणपत्राला जिल्हा पडताळणी समितीकडे महिने लागतात. अर्ज केला नसेल तर या आठवड्यात करा. नॉन क्रीमीलेयर प्रवेशाच्या वर्षी चालू असलेलं हवं, मुदत ३१ मार्चला संपते ते लक्षात ठेवून नवं काढा. ईडब्ल्यूएस असेल तर तेही त्याच वर्षाचं. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा: आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, सगळं तसंच. आधारवर वेगळं असेल तर आधार आत्ता दुरुस्त करून घ्या, कारण परीक्षेच्या महिन्यात सेवा केंद्रावर रांग असते आणि सर्व्हर नसतो.

येत्या रविवारी वर दिलेल्या वाटणीने एक मॉक द्या, एकही प्रश्न कोरा न सोडता. त्यातल्या ग, व, न, प यांची बेरीज कळवा. गणितात ३५ मिनिटांवर उठता आलं का, तेही लिहा. पहिल्यांदा उठवत नाही.